बशीतला घोडा

आमच्या गुरुवारच्या पटावर ‘तू माझ्यापेक्षा कच्चा आहेस’ असं कुणी कुणाला तोंडानं सांगत नाही. तुम्ही सलग तीन डाव हरलात की पुढच्या डावाआधी समोरचा माणूस आपल्या बाजूचा एक घोडा उचलतो आणि तुमच्या चहाच्या रिकाम्या बशीत ठेवतो. बोलत काही नाही. तिथून पुढं तो तुमच्याशी एक घोडा कमी घेऊन खेळणार, हे ठरलं. तरीही सलग तीन हरलात तर बशीत घोड्याच्या जागी हत्ती येतो, आणि त्याच्याही खाली वजीर. वर चढायचं असेल तर मिळालेल्या मोहऱ्यासकट सलग तीन डाव जिंकायचे. मग मोहरा परत जातो आणि दोघं पुन्हा बरोबरीनं बसतात.

हा पट दौंड स्टेशनजवळच्या एका चहाच्या हॉटेलात चालतो. हॉटेलवाल्याला सगळे मामा म्हणतात. दिवस गुरुवारचा, कारण आमच्या शिक्रापूरच्या कारखान्याला सुट्टी गुरुवारी असते. मी तिथं धातू कापणाऱ्या सीएनसी मशिनवर आहे, सव्वीस वर्षं झाली. आठवडाभर शिक्रापुरात खोलीवर राहायचं, बुधवारी शिफ्ट सुटली की दौंडला घरी यायचं, आणि गुरुवारी सकाळी बायकोनं सांगितलेली दोन कामं विसरून मामांकडं जायचं, हा माझा क्रम.

वीस वर्षांत माझ्या बशीत कुणी घोडा ठेवला नव्हता. हे मी मुद्दाम आधीच सांगतो, कारण त्याचा मला माज होता. रेल्वेतली माणसं येऊन गेली, कॉलेजातली पोरं येऊन गेली, एकदा तर सोलापूरचा एक बक्षिसं मिळवलेला गडी गाडी चुकली म्हणून येऊन बसला आणि हरून पुढची गाडी पकडून गेला. कारखान्यांच्या स्पर्धेचे चार कप माझ्या घरी टीव्हीवर आहेत. पहिल्या पटाच्या भिंतीकडच्या खुर्चीवर माझ्याशिवाय कुणी बसत नाही, असं कुणी कधी ठरवलं नव्हतं, पण बसत नव्हतं.

माझ्यासमोर बसायचे कासुर्डीचे आबा. शेती आता मुलांकडं. वय पंचाहत्तरच्या पुढं, डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल. यवतहून सकाळच्या शटल गाडीनं यायचे आणि दुपारच्या शटलनं परत जायचे. त्यांच्या गाडीमुळंच आमचे सगळे डाव झटपट, माणशी पाच मिनिटांचे. त्यासाठी वर्गणी काढून दोन तोंडांचं घड्याळ आणलं होतं. आबा अठरा वर्षं माझ्याकडून घोडा घेऊन खेळत होते. चहा बशीत ओतून प्यायचे, टॉवेलनं बशी कोरडी करायचे आणि माझ्यापुढं सरकवायचे. मी घोडा ठेवायचा, मग घड्याळ चालू. त्या अठरा वर्षांत दोनदा ते सलग दोन डाव जिंकले होते, आणि दोन्ही वेळा तिसरा मी जिंकलो होतो. सलग तीन हरलेही कधी नव्हते, म्हणून हत्ती आला नाही. पटाबाहेर आमच्यात फार बोलणं नव्हतं.

आमच्या पटाचा आणखी एक नियम सांगायला हवा, कारण त्यानंच माझा घात केला. शह द्यायचा तर मोठ्यानं ‘शह’ म्हणायचं. न बोललेला शह आमच्यात धरत नाहीत. झटपट डावात माणसाचं लक्ष एका बाजूला असतं, त्याला गुपचूप मारणं आम्ही चोरी समजतो.

आता मशिनचं. वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्या कारखान्याच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर होता, त्यात बुद्धिबळ होतं. जेवणाच्या सुट्टीत स्टोअरचे साहेब मला बोलवायचे आणि मी त्याला हरवायचो. ते मशिन हावरट होतं. फुकटचं प्यादं दिसलं की खायलाच धावायचं. मी प्यादी एकमेकांना भिडवून पट बंद करून टाकायचो, मग त्याला काही सुचायचं नाही आणि ते हत्ती इकडून तिकडं, तिकडून इकडं फिरवत बसायचं. माझ्या डोक्यात पक्कं बसलं की मशिनला आकडेमोड येते, पण झटपट डाव हा माणसाचा खेळ आहे, तो हातात असतो. पुढं मशिन सुधारल्याचं कानावर येत होतं. मोठमोठे खेळाडू हरतात, झटपट डावात तर त्यांची आणखी दैना होते, कारण वेळ कमी पडला की माणूस चुकतो आणि मशिन चुकतच नाही. मी ऐकून सोडून दिलं. मोबाइलवर मी खेळत नव्हतो. खेळत नव्हतो म्हणून हरत नव्हतो, हे मला आज कळतं.

दोन वर्षांपूर्वी शिरूरच्या एका क्लासवाल्या सरांचा फोन आला. त्यांना क्लासच्या वर्धापनदिनाला ‘माणूस विरुद्ध मशिन’ असा कार्यक्रम ठेवायचा होता. पाच मिनिटांचे डाव, मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसणार, आणि माणूस म्हणून मी. सर चांगले माणूस होते, बोलायलाही मऊ. मी म्हणालो, येतो. गुरुवारी पटावर सांगितलं तर आबा म्हणाले, “मी बी येतो. मशिन कसं खेळतंय, बघू तरी.”

आबांना चौफुल्याच्या फाट्यावरून मोटारसायकलवर घेतलं. केडगाव, पारगाव, न्हावरा करत शिरूरला पोचलो. हॉलमध्ये दीडेकशे माणसं असतील. शाल-नारळ झाला. एका टेबलावर बोटानं चालणारा लॅपटॉप, मागं पडदा. आबा पहिल्या रांगेत, गुडघ्यावर टोपी काढून ठेवून बसले.

पहिला डाव मी बरा खेळत होतो, असं मला वाटत होतं. पण मी बोट उचलायच्या आत त्याची चाल होऊन जायची. माणूस समोर असला की त्याच्या कपाळावरून कळतं, तो अडलाय की खूश आहे. इथं कपाळच नाही. माझ्या घड्याळात वीसेक सेकंद उरले असताना मी उंट हलवायला गेलो, तर उंट जागचा हलेना. पुन्हा बोट दाबलं, हलेना. मला वाटलं, पडदा बिघडला. आमच्या हातांना तेलाची सवय, बोटं जाड, म्हणून शर्टाला पुसून पुन्हा दाबलं. मागून लोक ओरडायला लागले, “शह, शह!” राजाखालचं घर लाल झालं होतं. मशिननं मला शह दिला होता आणि मी बघितलाच नव्हता. वीस वर्षं शह कानानं ऐकलेला, डोळ्यानं शोधायची सवयच नाही. वेळ संपली.

मी सरांकडं वळून म्हणालो, “ते शह बोललं नाही.” हॉल हसला. मी थट्टा करत नव्हतो, मला खरंच राग आला होता.

दुसरा डाव वीस-बावीस चालींत संपला. तिसऱ्यात मी माझी जुनी युक्ती काढली, प्यादी भिडवली, पट बंद केला. पण हे मशिन हावरट नव्हतं. उलट त्यानंच एक प्यादं मला फुकट दिलं, मी खाल्लं, आणि त्या रिकाम्या झालेल्या घरातून ते आत शिरलं. वीस वर्षांपूर्वी मी त्याला जे करायचो ते त्यानं मला केलं. मी डाव सोडला.

मग सर उठले. त्यांनी आमच्या दौंडच्या रिवाजाबद्दल कुणाकडून तरी ऐकलं होतं, आणि माझा मान राखावा म्हणून त्यांनी खास कपबशी मागवून ठेवली होती. ते माइकवर म्हणाले, “आता मशिन आपल्या पाहुण्यांना एक घोडा देणार.” त्यांनी लाकडी घोडा उचलून माझ्यापुढच्या बशीत ठेवला. टाळ्या पडल्या.

माझ्या अंगाची लाही झाली. वीस वर्षांत कुणी ठेवला नव्हता, आणि ठेवला तो एका डब्यानं. मी घोडा टेबलावर काढला, बशी पालथी घातली आणि सरांच्या हातातला माइक घेऊन म्हणालो, “मी घोडा घेत नाही. घोडा घेऊन खेळायची वेळ आली, तर माणसानं पट गुंडाळून घरी बसावं.”

हॉल दणाणला. शिट्ट्या पडल्या. हरून हरून आलेल्या माणसाला इतक्या टाळ्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. चौथा डावही बरोबरीनं खेळलो आणि हरलो, पण लोक येऊन हात मिळवत होते, फोटो काढत होते. कुणीतरी म्हणालं, ताठ मानेचा माणूस. मी शाल सावरली. आबा बाहेर मोटारसायकलजवळ जाऊन उभे होते.

न्हावऱ्यापर्यंत ते बोलले नाहीत. नेहमीही बोलत नाहीत, म्हणून मला काही वाटलं नाही. न्हावऱ्यात चहाला थांबलो. आबांनी चहा बशीत ओतला नाही, कपानंच प्यायले. मग म्हणाले, “अठरा वर्सं मी घोडा घेतोय तुझा.”

मी म्हणालो, “आबा, ते मी मशिनबद्दल बोललो.”

“व्हय. पण पट गुंडाळून घरी बसावं म्हणालास. कुणी बसावं? तिथं घोडा घेणारा दुसरा कोण व्हता?”

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडलो असतो.

“तुला वाटतं मी भीक घेतो,” आबा म्हणाले. “न्हाई. तू माझ्यापरीस दांडगा हायस, मला कळतंय. सरळ बसलो तर तू मला खेळवशील, लढणार न्हाईस. घोडा घेतला म्हंजी तुला लढायला लागतंय. मी तुला लढायला लावायला येतो दर गुरुवारी, कासुर्डीवरनं. आन् तू म्हणतोस घरी बसावं.”

“चुकलं, आबा.”

“लोकांनी टाळ्या दिल्यात तुला,” ते म्हणाले आणि टोपी घालून गाडीकडं गेले.

चौफुल्याला उतरल्यावर त्यांनी मागं वळून बघितलं नाही. पुढच्या गुरुवारी आबा आले, पण माझ्या पटावर बसले नाहीत. कोपऱ्यात, माझ्याकडं पाठ करून, एका नवख्या माणसाशी खेळत बसले. त्याला ते घोडा देत होते. मामांनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मी दुसऱ्या कुणाशी तरी खेळलो आणि जिंकलो, आणि त्या जिंकण्यात काही राम नव्हता. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. भिंतीकडची खुर्ची माझी होती आणि समोर बसायला माणूस नव्हता, म्हणजे जो हवा तो नव्हता.

माफी मी मागितली होती, आणि ती त्यांच्या कामाची नव्हती. मी दीडशे माणसांसमोर बोललो होतो. ते शब्द माझ्या तोंडात परत जाणार नव्हते. बरं, मशिनपुढं मान वाकवायची नाही, हेही डोक्यातून जात नव्हतं. मी दिवसाचे आठ तास मशिनसमोर उभा असतो. त्याला नमस्कार फक्त दसऱ्याला करतो. पण खोलीवर पडल्या पडल्या एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. शिरूरला मी ताठ मानेनं हरलो, असं लोक म्हणाले. खरं तर मी पळालो होतो. बरोबरीनं खेळून हरलं की ‘मशिन आहे, कुणीही हरेल’ म्हणता येतं. घोडा घेऊन हरलो असतो तर काही म्हणता आलं नसतं. आबा अठरा वर्षं ती सबब न वापरता माझ्यासमोर बसले होते.

तिसऱ्या गुरुवारी मी मामांकडं मोबाइल घेऊन गेलो. मोहरा काढून खेळणारी मशिनं आता मोबाइलवर मिळतात. पहिल्या पटावर मोबाइल मधोमध ठेवला. चहा प्यायलो, बशी रुमालानं पुसली. लाकडी सोंगट्यांतला समोरच्या बाजूचा एक घोडा मी स्वतःच्या हातानं उचलला आणि माझ्या बशीत ठेवला. मामांचा हात दुधाच्या पातेल्यावर तसाच राहिला. मी आबांकडं बघितलं नाही, पण मोठ्यानं म्हणालो, “शिरूरला तीन हरलो, नियमानं घोडा माझ्या बशीत आला. चालू.”

हरलो. एक घोडा जास्त असून हरलो. पुढच्या गुरुवारी पुन्हा, त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा. पटावरची माणसं येऊन मागं उभी राहायची, कुणी फिदीफिदी हसायचं. एक रेल्वेवाला म्हणाला, “अहो, कशाला पत घालवताय? बंद करा की.” मी त्याला म्हणालो, “माझी पत आहे, मी घालवतो. तुला काय त्रास?” दर शह मी मोठ्यानं बोलायचो. मशिन नाही बोललं तरी मी बोलणार. मशिननं शह दिला की मामा गल्ल्यावरून मान लांब करून ओरडायचे, “शह हाय रे!” ते काम त्यांनी आपणहून घेतलं होतं.

तीन झाले. त्याच्या पुढच्या गुरुवारी मी घोडा परत पटावर ठेवला आणि बशीत हत्ती घेतला. आता कुणी हसलं नाही. हत्ती घेऊन खेळणं म्हणजे आमच्याकडं नवशिक्याचं काम. पहिला हरलो. पुढच्या आठवड्यात दुसरा हरलो, तोही जिंकत आलेला, शेवटच्या सात सेकंदांत घाई केली म्हणून. तिसरा हरलो तर वजीर, आणि वजिराच्या खाली काही नाही.

तिसऱ्याच्या दिवशी मी एकच ठरवलं होतं. हुशारी करायची नाही. मोहऱ्याला मोहरा मारत जायचं, म्हणजे शेवटी माझा जास्तीचा हत्ती उरेल. मशिन मारामारी टाळत होतं, बाजूला सरकत होतं, मला दोन-दोन प्यादी फुकट दाखवत होतं. मी खाल्ली नाहीत. वीस वर्षांपूर्वी ते हावरट होतं, शिरूरला मी हावरट झालो होतो, आज कुणीच नव्हतं. माझी मान घामानं भिजली होती. मामा एकदा “शह हाय” ओरडले, मी राजा सरकवला. वजिराला वजीर मारला तेव्हा माझ्या घड्याळात अडतीस सेकंद होते. त्यानंतर मी विचार केलाच नाही, हात चालत होता. शह. शह. शह. नऊ सेकंद उरले असताना दोन्ही हत्तींनी त्याचा राजा कडेला दाबला आणि मी म्हणालो, “मात.”

मशिनला काही वाटलं नसेल. पण मला वाटलं. हत्ती घेऊन जिंकलो, हे मी लपवत नाही, कुणी विचारलं तर आधी तेच सांगतो. त्यानंतर आजपर्यंत मी त्याला हत्ती घेऊन आणखी सहा वेळा हरवलंय आणि त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळा हरलोय. सलग तीन हरलो नाही, पण सलग तीन जिंकणंही अजून झालं नाही. होईपर्यंत मी खेळणार, मग तोवर ते आणखी शहाणं होवो.

त्या दिवशी लोक पाठीवर थापा मारत असताना समोरची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आबा बसले होते. त्यांनी माझा मोबाइल उचलून बाजूच्या टेबलावर ठेवला, उपडा. सोंगट्या मांडल्या. मामांनी न सांगता चहा आणला. आबांनी तो बशीत ओतला, फुंकर घालत संपवला, टॉवेलनं बशी पुसली आणि माझ्यापुढं सरकवली.

मी माझा घोडा उचलून त्यांच्या बशीत ठेवला. 

तो डाव आबा असे खेळले की मला त्यांच्या अठरा वर्षांचा हिशेब लागला. माझी वाट त्यांना पाठ होती. मी सगळं पणाला लावून लढलो, एक चालही सैल सोडली नाही, आणि त्यांचे दोन्ही घोडे माझ्या राजाच्या अंगावर आले. “शह,” आबा म्हणाले. मी सरकलो. “शह.” मग त्यांनी घड्याळाकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. “मात.”

ते खुर्चीत मागं टेकले. “मुद्दाम सोडला न्हाईस ना?”

“न्हाई, आबा.”

“मग एक झाला. आजून दोन.”

स्टेशनावर गाडीची घोषणा झाली. मी म्हणालो, “आबा, तुमची शटल.”

“दुसरी हाय संध्याकाळी,” आबा म्हणाले आणि बशी पुन्हा माझ्यापुढं सरकवली. “मांड.”